घटक ४ : बेजाया प्रांत : भूगोल, इतिहास आणि स्थलनामे

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• अल्जीरियातील बेजाया या किनारी प्रांताची भौगोलिक रचना सांगता येईल.
• या प्रांताच्या इतिहासातील मुख्य टप्पे क्रमाने मांडता येतील.
• बंदर आणि खोरे यांचे परस्परसंबंध इतिहासाला कसे वळण देतात, हे स्पष्ट करता येईल.
• स्थलनामे हे इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावे, हे उदाहरणांसह दाखवता येईल.
• भाषिक आदान, भाषांतरित आदान आणि लोकव्युत्पत्ती या संकल्पनांतील फरक ओळखता येईल.

४.१ प्रास्ताविक

उत्तर आफ्रिकेच्या भूमध्य समुद्राकाठी, अल्जीरियाच्या राजधानीच्या पूर्वेला बेजाया नावाचे बंदर आहे. त्याच नावाचा प्रांत त्याच्या भोवती पसरलेला आहे. या बंदराला रोमन लोक 'साल्दे' म्हणत. अरबी ग्रंथांत ते 'बिजाया' आहे, इटालियन व्यापाऱ्यांच्या तोंडी 'बुगिया' आहे, फ्रेंचांच्या नकाशावर 'बुजी' आहे. तेथील कबायली रहिवासी त्याला 'ब्गायेत' म्हणतात.

एकाच गावाची इतकी नावे पाहिली की ती नुसती पाठ करण्याचा मोह होतो. प्रत्येक नाव कोणी दिले, कोणत्या काळात दिले, ते कोणाच्या तोंडी टिकले आणि कोणाच्या गेले, हे प्रश्न मात्र विचारले पाहिजेत. ते विचारले म्हणजे नावांची यादी इतिहासाचे साधन बनते. या घटकात बेजायाचा भूगोल व इतिहास आपण या प्रश्नांच्या आधारे अभ्यासणार आहोत. बंदर ताब्यात घेणाऱ्या सत्ता अनेकदा बदलल्या, पण बंदरामागच्या खोऱ्यातील आणि डोंगरांतील भाषा मात्र टिकून राहिली. या प्रांताचा इतिहास या दोन गोष्टींच्या ताणातून घडलेला आहे, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ भौगोलिक रचना

बेजाया प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर आहे. २००८च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ९ लाख १२ हजार होती. स्वतंत्र प्रांत म्हणून त्याची स्थापना १९७४ मध्ये झाली. पश्चिमेला तिझी उझू व बुइरा, दक्षिणेला बोर्ज बू अर्रेरीज व सेतीफ आणि पूर्वेला जिजेल हे प्रांत आहेत. उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरांचा समुद्रकिनारा आहे.

प्रांताचा बहुतेक भाग डोंगराळ आहे. वायव्येला अक्फादूचे अरण्य व जुर्जुरा पर्वतरांगेचा पूर्वेकडील विस्तार, दक्षिणेला बिबान आणि आग्नेयेला बाबोर या रांगा आहेत. या डोंगरांमधून सुम्माम नदी नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहते. साहेल आणि बू सेल्लाम या दोन नद्यांचा अक्बू गावाजवळ संगम होऊन सुम्माम तयार होते आणि बेजाया शहरालगत ती समुद्राला मिळते. प्रांतातील सपाट व सुपीक जमीन प्रामुख्याने या खोऱ्यात आणि पूर्वेच्या किनारपट्टीवर आहे. उतारांवर ऑलिव्ह आणि अंजीर यांची झाडे आहेत. पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा असतो.

शहराच्या डोक्यावर सुमारे ६६० मीटर उंचीचा गुराया डोंगर उभा आहे. त्याचे एक टोक काप कार्बन या भूशिराच्या रूपाने समुद्रात शिरते. हा डोंगर आणि हे भूशिर वायव्येकडून येणारे वादळी वारे अडवतात, त्यामुळे पूर्वेकडे तोंड असलेल्या उपसागरात जहाजांना सुरक्षित थांबता येते. बंदर येथेच का झाले, याचे उत्तर या रचनेत आहे. मात्र हाच डोंगराळ प्रदेश बंदराला त्याच्या पाठच्या मुलखापासून वेगळाही करतो. बंदरातून आत जाण्याचा सोपा मार्ग एकच, तो म्हणजे सुम्मामचे खोरे. म्हणून ज्याच्या हाती बंदर आहे त्याच्या हाती खोरे असेलच, असे नाही. पुढील इतिहास समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता नकाशावरील गावांची नावे पाहू. कबायली भाषेत 'तिझी' म्हणजे खिंड, 'ताला' म्हणजे झरा, 'अद्रार' म्हणजे पर्वत आणि 'इघझेर' म्हणजे ओढा. 'इघिल' या शब्दाचा अर्थ हात. त्यावरून डोंगराची पुढे आलेली सोंड असाही अर्थ झाला. 'इघिल अली', 'इघझेर अमोक्रान' (मोठा ओढा) ही गावे या शब्दांवरून ओळखता येतात. 'आत' म्हणजे अमक्याचे लोक. याच अर्थी अरबीत 'बेनी' येतो. त्यामुळे एकाच जमातीचे गाव बोलण्यात 'आत' ने आणि सरकारी कागदात 'बेनी' ने सुरू झालेले दिसते. पूर्व किनाऱ्यावरील 'सूक एल तेनीन' हे नाव मात्र पूर्णपणे अरबी आहे. त्याचा अर्थ सोमवारचा बाजार. डोंगर, झरे व ओढे यांची नावे बहुधा कबायली आहेत. बाजार, गढी, संत यांच्याशी निगडित नावांत अरबीचा भाग अधिक आहे. निसर्गाची नावे सर्वांत जुन्या वस्तीच्या भाषेत टिकतात आणि संस्थांची नावे त्या संस्थांबरोबर येतात, हे स्थलनामांच्या अभ्यासातील सर्वसाधारण निरीक्षण येथेही लागू पडते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : १
(अ) सुम्माम नदी कोणत्या दोन नद्यांच्या संगमातून तयार होते?
(आ) बेजायाचे बंदर वाऱ्यापासून सुरक्षित का आहे?
(इ) 'आत' आणि 'बेनी' या शब्दांत अर्थदृष्ट्या कोणते साम्य आहे?

४.२.२ साल्दे : रोमन वसाहत आणि डोंगरातील बोगदा

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ऑगस्टसने येथे निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत स्थापन केली. तिचे नाव साल्दे. पुढे मॉरेतानिया या रोमन प्रांतातील ते एक महत्त्वाचे बंदर झाले. शहर वाढले तशी पाण्याची अडचण निर्माण झाली. पश्चिमेच्या डोंगरांतील तूजा येथील झऱ्यांचे पाणी सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने शहरात आणण्याचे ठरले. वाटेत एक डोंगर आडवा येत होता. त्यातून बोगदा काढणे भाग होते.

या कामाची हकिगत लाम्बेसिस या लष्करी तळावर सापडलेल्या एका लॅटिन शिलालेखात कोरलेली आहे. नोनियस दातुस हा तिसऱ्या ऑगस्टन सैन्यदलातील पातळी मोजणारा तंत्रज्ञ होता. त्याने बोगद्याची आखणी करून दिली आणि तो आपल्या तळावर परतला. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खोदकाम सुरू झाले. काही वर्षांनी असे आढळले की दोन्ही बाजूंनी खोदलेल्या भागांची एकत्र लांबी डोंगराच्या रुंदीपेक्षाही जास्त झाली आहे, तरी दोन्ही तोंडे एकमेकांना भेटलेली नाहीत. प्रांताचा अधिकारी वारियस क्लेमेन्स याने दातुसला पुन्हा पाठवण्याची विनंती केली. वाटेत दरोडेखोरांनी त्याला लुटले, जखमी केले. अंगावरील वस्त्रेही गमावून तो साल्देला पोहोचला. त्याने मापे घेतली, तेव्हा दोन्ही बाजूंचे खोदणारे आपापल्या उजवीकडे सरकत गेले होते, असे दिसून आले. त्याने दोन्ही भाग जोडून घेतले आणि इसवी सन १५२च्या सुमारास पाणी शहरात आले. बोगद्याची लांबी सुमारे ४२८ मीटर आहे. शिलालेखावर चिकाटी, कर्तबगारी आणि आशा या तीन गुणांच्या स्त्रीरूप प्रतिमा आहेत.

आपल्या दृष्टीने या लेखाचे महत्त्व दुहेरी आहे. प्राचीन अभियंत्याने स्वतःच्या कामाविषयी केलेले असे सविस्तर निवेदन दुर्मीळ आहे. शिवाय बंदर आणि डोंगर यांचे नाते त्यात स्पष्ट दिसते. शहराचे पाणी डोंगरातून येत होते, पण डोंगरातील रस्ता राजसत्तेच्या माणसालाही सुरक्षित नव्हता.

४.२.३ हम्मादी राजधानी आणि मध्ययुगीन बंदर

रोमन सत्तेनंतर व्हँडल, बायझंटाइन व त्यांच्यामागून अरब या सत्ता आल्या. या काळात साल्देचे महत्त्व ओसरले. अकराव्या शतकात परिस्थिती पालटली. हम्मादी हे मूळचे बर्बर राजघराणे. त्यांची राजधानी 'कलआ' ही होद्नाच्या डोंगरात, समुद्रापासून दूर होती. बनू हिलाल या अरब भटक्या टोळ्या पूर्वेकडून या प्रदेशात आल्यावर अंतर्भागातील व्यापारमार्ग असुरक्षित झाले. तेव्हा सुलतान अन्-नासिर याने १०६७च्या सुमारास किनाऱ्यावर नवे शहर वसवले आणि त्याला स्वतःच्या नावावरून 'नासिरिया' असे नाव दिले. त्याचा मुलगा अल्-मन्सूर याने राजधानी येथे आणली.

'नासिरिया' हे नाव टिकले नाही. लोक तेथील जुनेच नाव घेत राहिले आणि तेच अरबी लिपीत 'बिजाया' झाले. इतिहासकार इब्न खल्दून याने हे नाव तेथील डोंगरात राहणाऱ्या बर्बर जमातीच्या नावाशी जोडले आहे. मूळ बर्बर उच्चारात 'ग'सारखा ध्वनी आहे. अभिजात अरबी वर्णमालेत 'ग' नाही, म्हणून तेथे 'ज' आला. राजाने दिलेले नाव गेले आणि जमातीचे नाव राहिले, ही नोंद पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

बाराव्या शतकाच्या आरंभी इब्न तूमर्त हा धर्मसुधारक येथे आला. शहरातून त्याला बाहेर पडावे लागले. शहराजवळच्या मल्लाला या ठिकाणी अब्द अल्-मूमिन हा तरुण त्याचा शिष्य झाला. हाच शिष्य पुढे अल्मोहाद साम्राज्याचा खलिफा झाला आणि त्याने ११५२ मध्ये बेजाया जिंकले. त्यानंतर तेराव्या शतकापासून शहर ट्युनिसच्या हफ्सी घराण्याच्या सत्तेखाली आले. या काळात बेजाया विद्येचे मोठे केंद्र होते. सूफी संत अबू मद्यान यांनी येथे दीर्घकाळ अध्यापन केले. स्वतः इब्न खल्दून १३६५ मध्ये येथील अमीराचा हाजिब, म्हणजे मुख्य कारभारी झाला. कारभाराबरोबरच तो मशिदीत शिकवीत असे. करवसुलीसाठी त्याला डोंगरांतील जमातींकडे स्वतः जावे लागले. पुढच्याच वर्षी अमीर लढाईत मारला गेला आणि इब्न खल्दूनची ही कारकीर्द संपली.

४.२.४ बंदरातून बाहेर गेलेले शब्द

मध्ययुगात बेजायाहून युरोपला मेण, कातडी, लोकर असा माल जाई. मालाबरोबर शब्दही गेले. फ्रेंच भाषेत मेणबत्तीला 'बुजी' म्हणतात. हा शब्द या शहराच्या नावावरून आला, कारण उत्तम मेण येथून येत असे. पुढे मोटारीच्या इंजिनातील ठिणगी पाडणाऱ्या प्लगलाही फ्रेंचांनी हेच नाव दिले. पोर्तुगीज भाषेत माकडाला 'बुझिओ' असा एक शब्द आहे. तोही याच बंदराच्या नावाशी जोडला जातो. गुरायाच्या कड्यांवर आजही बार्बरी माकडे राहतात.

तिसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पीसा नगराच्या व्यापाऱ्यांचे येथे जकातघर होते. तेथील एका अधिकाऱ्याने आपल्या मुलाला हिशेब शिकण्यासाठी बेजायाला बोलावून घेतले. हा मुलगा म्हणजे पुढे फिबोनाची या नावाने प्रसिद्ध झालेला गणिती लिओनार्दो. येथे त्याला भारतीय नऊ अंकांची आणि शून्याच्या चिन्हाची पद्धत शिकायला मिळाली. १२०२ मध्ये पूर्ण केलेल्या 'लिबेर अबाची' या ग्रंथात त्याने ती युरोपातील वाचकांना समजावून दिली आणि हे अंक भारतीयांचे आहेत असे नमूद केले.

या प्रवासात शब्दांचे काय झाले, ते पाहू. संस्कृत 'शून्य' म्हणजे रिकामे. अरबांनी हा शब्द जसाच्या तसा उचलला नाही. त्याच अर्थाचा स्वतःचा 'सिफ्र' हा शब्द वापरला. याला 'भाषांतरित आदान' म्हणतात. फिबोनाचीने मात्र 'सिफ्र' हा शब्दच घेऊन लॅटिनमध्ये 'झेफिरुम' असा केला. हे साधे 'आदान' होय. त्याचे इटालियनमध्ये 'झेरो' झाले आणि तेथून इंग्रजीत 'झिरो' आले. 'सिफ्र'चीच दुसरी शाखा फ्रेंचमध्ये 'शिफ्र', म्हणजे अंक, अशी पोहोचली. आपण मराठीत बोलताना 'शून्य' आणि 'झिरो' हे दोन्ही शब्द वापरतो. त्यांपैकी दुसरा एक मोठा वळसा घालून परत आलेला आहे आणि त्या वळशात बेजाया हे एक ठाणे होते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. 'ब्गायेत' हे नाव ऐकून मराठी वाचकाला 'बागायत' आठवेल. खोरे सुपीक असल्याने दोन्हींचा संबंध जोडावासाही वाटेल. परंतु 'बागायत' हा शब्द फारसी 'बाग'वरून झालेला आहे, तर 'ब्गायेत'चे मूळ बर्बर आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून अशी व्युत्पत्ती सांगणे याला 'लोकव्युत्पत्ती' म्हणतात. 'कबायली' आणि मराठीतील 'कबिला' यांचा संबंध मात्र खरा आहे. दोन्ही अरबी 'कबीला' (जमात) या शब्दातून आलेले आहेत. साम्य कोणते खरे आणि कोणते भासमान, हे शब्दाचा प्रवास शोधल्यावरच ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : २
(अ) 'नासिरिया' हे नाव कोणी दिले? ते टिकले का?
(आ) 'शून्य' ते 'सिफ्र' आणि 'सिफ्र' ते 'झेफिरुम' या दोन टप्प्यांत कोणता फरक आहे?
(इ) 'ब्गायेत' आणि 'बागायत' यांचा संबंध जोडणे हे कशाचे उदाहरण आहे?

४.२.५ बंदर परक्यांचे, डोंगर स्थानिकांचे

१५१० मध्ये पेद्रो नाव्हारो याच्या नेतृत्वाखालील स्पॅनिश आरमाराने बेजाया जिंकले. स्पॅनिशांनी किल्ले बांधले, तटबंदी आवळून घेतली. परंतु पंचेचाळीस वर्षांत त्यांची सत्ता तटाबाहेर फारशी गेली नाही. याच काळात बिबानच्या डोंगरात, आजच्या इघिल अलीजवळ, आत अब्बास यांची 'कलआ' ही राजधानी उदयाला आली. १५५५ मध्ये अल्जियर्सच्या सालह रईस याने स्पॅनिशांना हुसकावले आणि बंदर ऑटोमन सत्तेखाली आले. अल्जियर्सचे महत्त्व वाढले तसे बेजायाचे कमी झाले. डोंगरातील सत्ता मात्र आत अब्बासच्या घराण्याकडे राहिली. या घराण्याचे नाव 'मोक्रानी'. कबायली 'अमोक्रान' (मोठा, ज्येष्ठ) या शब्दाला अरबी वळण देऊन ते बनले आहे.

फ्रेंचांनी १८३३च्या सप्टेंबरमध्ये बेजाया घेतले. त्यांचाही अनुभव स्पॅनिशांसारखाच होता. सुम्मामचे खोरे त्यांच्या ताब्यात यायला १८४७ साल उजाडले. या शहराच्या नावावरून आलेला 'बुजी' हा शब्द फ्रेंच घरांत कित्येक शतके मेणबत्तीसाठी वापरात होता. आता तेच शहर त्यांच्या सरकारी नकाशावर त्याच नावाने नोंदले गेले.

४.२.६ १८७१चा उठाव आणि नव्या नावांची वसाहत

१८६७-६८ मध्ये अल्जीरियात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा मुहम्मद अल्-मोक्रानी या कबायली सरदाराने आपल्या लोकांना धान्य मिळावे म्हणून स्वतः जामीन राहून कर्ज उभारले. पुढे लष्करी कारभाराऐवजी वसाहतवाल्यांना अनुकूल असा मुलकी कारभार आला. जुन्या सरदारांचा अधिकार गेला. कर्ज मात्र मोक्रानीच्या डोक्यावर राहिले. १६ मार्च १८७१ रोजी त्याने उठाव केला. ८ एप्रिल रोजी सुम्माम खोऱ्यातील सद्दूक येथून रहमानिया पंथाचे वयोवृद्ध प्रमुख शेख अल्-हद्दाद यांनी उठावाला पाठिंबा जाहीर केला. त्यानंतर तो सरदाराचा उठाव न राहता खोऱ्यातील शेतकऱ्यांचा झाला. ५ मे रोजी मोक्रानी मारला गेला. १८७२च्या आरंभापर्यंत उठाव मोडून काढण्यात आला.

शिक्षा तीन प्रकारच्या झाल्या. उठाव करणाऱ्या जमातींवर सुमारे ३ कोटी ६० लाख फ्रँकचा दंड बसवला गेला. चार लाख हेक्टरांहून अधिक जमीन जप्त झाली. अनेक पुढाऱ्यांना प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर हद्दपार करण्यात आले. शेख अल्-हद्दाद १८७३ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या तुरुंगात मरण पावले. त्यांचे अवशेष २००९ मध्ये सद्दूकला आणण्यात आले.

याच १८७१ साली फ्रान्सने जर्मनांकडून पराभूत होऊन अल्सास आणि लोरेन यांचा मोठा भाग गमावला होता. तेथून निघालेल्या फ्रेंच कुटुंबांना अल्जीरियात जमिनी देण्याचे धोरण आखले गेले. सुम्माम खोऱ्यातील गावांची नावे बदलली ती या काळात. एल क्सर हे 'बिच' झाले, अमिझूर हे 'कोलमार' झाले, अक्बू हे 'मेत्झ' झाले. ही तिन्ही नावे फ्रान्सने नुकत्याच गमावलेल्या गावांची आहेत. एका ठिकाणी हरवलेला प्रदेश दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्यांच्या जमिनीवर, नावापुरता पुन्हा उभा करण्यात आला. नामांतर आणि जमिनीची मालकी यांचा संबंध किती निकटचा असतो, हे येथे उघड होते. स्वातंत्र्यानंतर ही नावे सरकारी कागदांतून गेली. एल क्सर, अमिझूर, अक्बू ही नावे मात्र परत शोधावी लागली नाहीत, कारण ती खोऱ्यातील लोकांच्या तोंडी होतीच.

४.२.७ खेर्राता, सुम्माम परिषद आणि स्वातंत्र्य

८ मे १९४५ रोजी युरोपातील युद्धसमाप्तीच्या दिवशी सेतीफ येथे अल्जीरियन निदर्शकांवर गोळीबार झाला. त्यानंतरच्या दंगलीत युरोपीय वस्तीतील अनेक लोक मारले गेले. फ्रेंचांनी सेतीफ, गेल्मा आणि बेजाया प्रांतातील खेर्राता येथे अत्यंत कठोर दडपशाही केली. मृतांचा अधिकृत फ्रेंच आकडा हजाराच्या आसपास होता. अल्जीरियात ४५,००० हा आकडा सांगितला जातो. इतिहासकारांचे अंदाज या दोहोंच्या दरम्यान आहेत. अशा प्रसंगी आकडा कोणी नोंदवला, हे आकड्याबरोबर सांगणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. २० ऑगस्ट १९५६ रोजी सुम्माम खोऱ्यातील इफ्री या गावी राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या नेत्यांची गुप्त परिषद भरली. अब्बान रमदान, लार्बी बेन म्हिदी आणि क्रिम बेल्कासेम हे तिचे प्रमुख सूत्रधार होते. परिषदेने देशाची सहा लष्करी विभागांत मांडणी केली, तसेच लष्करी नेतृत्वापेक्षा राजकीय नेतृत्व आणि देशाबाहेरील नेतृत्वापेक्षा देशातील नेतृत्व श्रेष्ठ मानावे, ही तत्त्वे स्वीकारली. फ्रेंच सैन्याच्या गराड्यात अशी परिषद भरू शकली याचे कारण खोऱ्याच्या रचनेत आणि गावकऱ्यांच्या पाठिंब्यात होते. ५ जुलै १९६२ रोजी अल्जीरिया स्वतंत्र झाला.

युद्ध चालू असतानाच १९५९ मध्ये सहारातील हासी मेसऊद येथील खनिज तेल ६५० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या वाहिनीने बेजायाच्या बंदरात येऊ लागले. पूर्वी मेण पाठवणारे बंदर आता तेल पाठवू लागले.

४.२.८ आजची भाषिक स्थिती

या प्रांतातील बहुसंख्य लोकांची मातृभाषा कबायली आहे. ती बर्बर भाषासमूहातील आहे. पूर्वेकडील किनारी व डोंगरी भागात 'तासाह्लित' नावाची तिची वेगळी बोली आहे. अरबी बोली आणि फ्रेंच यांचाही व्यवहारात वापर होतो. 'बर्बर' हे नाव मात्र बाहेरच्यांनी दिलेले आहे. ग्रीक 'बार्बारोस' आणि संस्कृत 'बर्बर' हे परस्परसंबंधित मानले जाणारे शब्द न कळणाऱ्या बोलण्याच्या अनुकरणातून झाले. मराठीतही त्याला रानटीपणाचा अर्थ चिकटलेला आहे. हे लोक स्वतःला 'इमाझिघेन' आणि आपल्या भाषेला 'तामाझिग्त' म्हणतात.

स्वतंत्र अल्जीरियाने अरबी ही एकच राजभाषा मानली. ज्या खोऱ्यात स्वातंत्र्ययुद्धाची घडी बसली, त्याच खोऱ्याच्या भाषेला शाळेत आणि कचेरीत स्थान नव्हते. एप्रिल १९८० मध्ये शेजारच्या तिझी उझू येथून या भाषेच्या हक्कांसाठी मोठे आंदोलन सुरू झाले. २००१ मध्ये पुन्हा उद्रेक झाला. त्यात अनेक तरुण मृत्युमुखी पडले. २००२ मध्ये तामाझिग्तला राष्ट्रीय भाषेचा आणि २०१६ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला. २०१८ पासून १२ जानेवारी हा बर्बर नववर्षदिन सार्वजनिक सुटीचा दिवस झाला.

मधल्या काळात ही भाषा टिकली ती मुख्यतः मौखिक परंपरेमुळे. इघिल अली येथे जन्मलेले कवी जाँ आम्रूश यांनी आपल्या आईकडून ऐकलेली कबायली गीते फ्रेंचमध्ये अनुवादित करून १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांची बहीण ताओस हिने ती मूळ भाषेत गाऊन ध्वनिमुद्रित केली. आई फाद्मा यांचे आत्मचरित्र १९६८ मध्ये प्रकाशित झाले. ते फ्रेंचमध्ये लिहिलेले आहे, कारण शाळेत त्यांना लिहायला शिकवले गेले ते याच भाषेत. गाण्याची भाषा एक आणि लेखनाची भाषा दुसरी, ही स्थिती या कुटुंबापुरती मर्यादित नव्हती.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ३
(अ) १८७१ नंतर अक्बू या गावाला कोणते नाव देण्यात आले?
(आ) सुम्माम परिषद कधी आणि कोठे भरली?
(इ) तामाझिग्तला राजभाषेचा दर्जा कोणत्या वर्षी मिळाला?

४.३ सारांश

बेजाया हे नैसर्गिक संरक्षण लाभलेले बंदर आहे आणि त्याच्यामागे सुम्मामचे खोरे व दुर्गम डोंगर आहेत. रोमन, हम्मादी, अल्मोहाद, हफ्सी, स्पॅनिश, ऑटोमन आणि फ्रेंच या सत्तांनी बंदर आळीपाळीने ताब्यात घेतले. डोंगराळ मुलूख त्यांच्या पूर्ण ताब्यात क्वचितच आला. 'नासिरिया', 'कोलमार', 'मेत्झ' ही आज्ञेने दिलेली नावे सत्तेबरोबर गेली; बोलणाऱ्यांच्या तोंडची नावे टिकली. बंदरातून बाहेर गेलेल्या शब्दांत 'बुजी' आहे आणि भारतीय शून्याचा 'झेफिरुम' हा अवतारही आहे. भाषा टिकणे आणि तिला मान्यता मिळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कबायली भाषा कित्येक शतके टिकली, पण तिला राजभाषेची मान्यता मिळण्यासाठी स्वातंत्र्यानंतरही ५४ वर्षे जावी लागली.

४.४ पारिभाषिक शब्द

आदान : एका भाषेने दुसऱ्या भाषेतील शब्द घेणे.
भाषांतरित आदान : परभाषेतील शब्द न घेता त्याचा अर्थ स्वभाषेतील शब्दाने व्यक्त करणे.
लोकव्युत्पत्ती : केवळ ध्वनिसाम्यावरून लावलेली, इतिहासाचा आधार नसलेली व्युत्पत्ती.
स्थलनाम : गाव, नदी, डोंगर इत्यादी ठिकाणांचे नाव.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) साहेल आणि बू सेल्लाम. (आ) गुराया डोंगर व काप कार्बन भूशिर वायव्येचे वारे अडवतात. (इ) दोन्हींचा अर्थ 'अमक्याचे लोक किंवा वंशज' असा आहे.
प्रश्न २ : (अ) सुलतान अन्-नासिर याने, नाही. (आ) पहिला टप्पा भाषांतरित आदानाचा, दुसरा आदानाचा. (इ) लोकव्युत्पत्तीचे.
प्रश्न ३ : (अ) मेत्झ. (आ) २० ऑगस्ट १९५६, इफ्री. (इ) २०१६.

४.६ स्वाध्याय

१. बेजाया प्रांताच्या भौगोलिक रचनेचा त्याच्या राजकीय इतिहासावर झालेला परिणाम सोदाहरण स्पष्ट करा.
२. '१८७१ नंतर सुम्माम खोऱ्यात झालेली नामांतरे ही जमीनजप्तीचाच एक भाग होती.' या विधानाची चर्चा करा.
३. टीपा लिहा : (अ) नोनियस दातुसचा बोगदा (आ) फिबोनाची आणि बेजाया (इ) सुम्माम परिषद.

४.७ उपक्रम

आपल्या तालुक्यातील पाच गावे, ओढे किंवा डोंगर निवडा. त्यांची सरकारी कागदांतील नावे आणि वयोवृद्ध रहिवाशांच्या तोंडची नावे शेजारी-शेजारी नोंदवा. दोन्हींत फरक आढळल्यास तो केव्हा आणि कशामुळे पडला असावा, याची विचारपूस करून दोन पानांचे टिपण तयार करा. नावाची व्युत्पत्ती सांगणारी दंतकथा मिळाल्यास तीही लिहून घ्या. मात्र ती दंतकथा असल्याची स्पष्ट नोंद करा.